धोबिणींचा ब्रान्ल आणि एक तासाचा वर्ग

पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका एकदिवसीय मेळाव्याचं हे प्रकरण आहे. मेळावा सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझमचा, म्हणजे सगळे जिला एससीए म्हणतात तिचा. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या परसात झालेल्या पार्टीतून ही संस्था निघाली. आज तिची ‘राज्यं’, म्हणजे प्रादेशिक शाखा, अमेरिकेबाहेरही पसरली आहेत. राजा निवडायचा तर द्वंद्व लावतात; तलवारी वेताच्या, चिलखत मात्र खरं. बाकी दिवसभर कुणी चातीवर सूत कातत बसतं, कुणी पंधराव्या शतकातल्या पाककृतीने मटण शिजवतं, कुणी पिसाच्या लेखणीने सुलेखन करतं. काळाची मर्यादा साधारण १६०० पर्यंतची. दर उन्हाळ्यात स्लिपरी रॉक गावाजवळ भरणारं ‘पेन्सिक वॉर’ हे या मंडळींचं सर्वांत मोठं जमणं. १९७२ साली ते सुरू झालं, आणि आता दोन आठवडे दहा हजारांच्या आसपास माणसं तिथे तंबू ठोकून राहतात. आपलं प्रकरण एवढं मोठं नाही. भाड्याने घेतलेला एक हॉल, दीडेकशे माणसं, दुपारी तासाभराचा नाचाचा वर्ग आणि रात्री मेजवानीनंतर प्रत्यक्ष नाच, एवढाच त्याचा पसारा.

मी पिट्सबर्गला नोकरीला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे या मंडळींत शिरलो आणि नाचाची गाणी लावायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं. लॅपटॉप, दोन स्पीकर, वायरीत कुणाचा झगा अडकू नये म्हणून तिच्यावर टाकायला एक सतरंजी. या कोपऱ्यातून सगळा हॉल दिसतो. कोण उठलं, कोण उठता उठता बसलं, कुणी पाण्याच्या निमित्ताने काढता पाय घेतला, सगळं.

अडचण जुनीच होती. रात्रीचा नाच सुरू झाला की तेच आठ-दहा जण उठायचे. ते चांगले नाचायचे, आणि तिथेच घोडं पेंड खायचं. नाचाचं नाव पुकारलं की त्यांची पावलं आपोआप पडायची. समजावून सांगायची गरज कुणालाच वाटायची नाही. भिंतीलगत बसलेल्यांना वाटायचं, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही. त्यात बायका जास्त, पुरुष कमी. दिवसभर चिलखत घालून लढलेले गडी मेजवानीनंतर खुर्चीतच पेंगायचे. या वेळी आयोजकांनी शिकवणाऱ्या बाईंना सरळ सांगितलं होतं की निम्मा हॉल तरी उठला पाहिजे.

या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मेळाव्यात सगळे एकमेकांना मिलॉर्ड, मिलेडी म्हणतात, मीही तोंडावर तसंच म्हणतो. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून ‘बाई’च आहेत. त्यांच्यावर तिन्ही बाजूंनी ओढाताण होती. जुन्या जाणत्यांना पंधराव्या शतकातले इटालियन नाच हवे होते, ते नाजूक आणि अवघड असतात. पोराटोरांना धिंगाणा हवा होता. आणि मधल्या मोठ्या गठ्ठ्याला काहीही चाललं असतं, फक्त चारचौघांत हसं व्हायला नको होतं.

हाताशी साधन काय होतं

कुठलाही नाच ‘मध्ययुगीन’ म्हणून पुकारला की जाणकार मनात हसतात, कारण पंधराव्या शतकाआधीच्या युरोपातल्या नाचाच्या पावलांचं लेखी वर्णन आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही. चित्रं आहेत. सिएनाच्या नगरसभागृहात आम्ब्रोजिओ लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या भिंतीवर भर रस्त्यात हात धरून साखळीने नाचणाऱ्या आकृत्या दिसतात, जवळ एक जण खंजिरी वाजवत गाते आहे. ‘कारोल’ नावाच्या गात गात धरायच्या फेराचे उल्लेख कवितांत आहेत, आणि त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या धर्मोपदेशकांच्या लिखाणातही आहेत. पण कुठला पाय कधी टाकायचा, हे लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. सगळ्यांनाच येत होतं, लिहायचं कशाला!

लिहायला सुरुवात केली ती इटालियन दरबारांतल्या नृत्यगुरूंनी. दोमेनिको दा पिआचेन्त्सा, त्याचे शिष्य गुल्येल्मो एब्रेओ आणि आंतोनिओ कोर्नाझानो. गुल्येल्मोची पोथी १४६३ ची. चांगल्या नर्तकाकडे सहा गोष्टी हव्यात असं तो सांगतो. ताल हवा, स्मरण हवं, अंगाचा हलका उठाव हवा, ढब हवी, शरीराची हालचाल हवी, आणि जमिनीची वाटणी जमली पाहिजे. म्हणजे मिळालेल्या जागेत आपली आणि जोडीदाराची पावलं मावतील असा अंदाज पाहिजे. आमच्या हॉलच्या मधोमध दोन खांब होते, त्यामुळे या शेवटच्या गुणाचं महत्त्व मला पटलेलं आहे.

पण नवख्यांना उठवायचं तर इटलीचा उपयोग नाही. तिथे हात धरतो तो फ्रान्समधल्या लांग्र गावचा एक म्हातारा धर्माधिकारी. नाव जेआं ताबुरो. १५८९ साली, सत्तरीला टेकलेला असताना, त्याचं ‘ऑर्केसोग्राफी’ हे पुस्तक निघालं. पाद्र्याने नाचावर लिहिणं बरं दिसेना म्हणून असेल, पण त्यावर त्याने आपल्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून तयार केलेलं थ्वानो आर्बो हे नाव टाकलं. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. काप्रिओल नावाचा वकिलीचा विद्यार्थी येऊन गाऱ्हाणं मांडतो की तलवारबाजी आली, टेनिस आलं, पण नाचता येत नसल्यामुळे तरुणींपुढे आपली डाळ शिजत नाही. मग आर्बो त्याला शिकवायला लागतो. छपाईतली युक्ती खास आहे. सुरावट पानावर उभी, वरून खाली छापली आहे, आणि प्रत्येक सुराशेजारी त्या सुरावर कुठला पाय काय करतो ते लिहिलं आहे. इटालियन पोथ्यांवर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडू शकतात. आर्बोच्या बहुतेक ब्रान्लमध्ये भांडायला जागाच कमी.

ब्रान्ल म्हणजे हात धरून, फेरात किंवा ओळीत, मुख्यतः डावीकडे सरकत करायचा नाच. आर्बोने त्यांचा क्रमही सांगून ठेवला आहे. वादक आधी डबल ब्रान्ल वाजवतात, मग सिंपल, मग गे, आणि शेवटी बर्गंडीचे. पहिले दोन वयस्कांनी संथपणे नाचायचे, तिसरा नव्याने लग्न झालेल्यांनी, शेवटचा अगदी तरुणांनी. आणि ज्याला जसं जमेल तसं त्याने निभावून न्यावं. बाईंनी हा क्रम जसाच्या तसा उचलला. चारशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने केलेलं कार्यक्रमाचं नियोजन त्यांना आयतं मिळालं होतं, आणि त्यांच्यापुढे बसलेली गर्दीही तशीच होती: गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा, दोन गरोदर बायका, आणि एका जागी उभी राहू न शकणारी बारा-तेरा वर्षांची पोरं.

दुपारचा तास

वर्गाला तीसेक जण आले. त्यातले निम्मे सावली आणि पंखा शोधत आले होते. बाईंनी इतिहास सांगितला नाही, स्वतःचा परिचय दिला नाही, पावलांची नावं सांगितली नाहीत. मला खूण केली, गाणं सुरू झालं, त्यांनी सर्वांत जवळच्या दोघांचे हात धरले आणि डावीकडे चालायला लागल्या. त्या दोघांनी पुढच्यांचे हात धरले. मंगळागौरीला नव्या सुनेला कुणी आधी फेराचे नियम समजावत बसत नाही, हात धरून आत ओढतात, तसंच हे. दोन आवर्तनांत फेर पुरा झाला, आणि तोवर सगळे डबल करत होते: तीन पावलं डावीकडे, चौथ्याला पाय जुळवायचा, मग तेच उजवीकडे. गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या, “झाला की हो डबल ब्रान्ल. पुढचा घेऊ.”

याचा परिणाम मी समोर बघितला. ‘मला जमेल का’ हा प्रश्न मनात यायच्या आत ते जमून गेलेलं होतं. त्या तासातला सर्वांत हुशारीचा भाग माझ्या मते हाच.

एक बारकावा. नाच शिकवणारे सवयीने फेराच्या मधोमध उभे राहतात. मधोमध उभं राहिलं की समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, आणि पाठीमागच्यांना काहीच दिसत नाही. बाई पूर्ण तास फेराच्या कडीतच, दोघांच्या मध्ये राहिल्या, आणि दर गाण्याला जागा बदलत गेल्या. ज्याची पावलं चुकत होती त्याच्या शेजारी पुढच्या गाण्याला त्या आपोआप उगवायच्या. हाताला हलकासा ओढा द्यायच्या, तोंडाने काही बोलायच्या नाहीत. चुकणाऱ्याचं नाव घेऊन सर्वांसमोर दुरुस्ती करणं त्यांनी पूर्ण टाळलं.

सिंपल ब्रान्लमध्ये डावीकडे डबल आणि उजवीकडे फक्त सिंगल, म्हणजे एक पाऊल आणि जुळवणी. त्यामुळे फेर दर आवर्तनाला डावीकडे सरकत जातो. हे सांगितलं तर लोक पावलं मोजत बसतात. बाईंनी सांगितलं, “खांब आपल्याकडे यायला लागला तर बरोबर चाललंय असं समजा.” गे ब्रान्लमध्ये ताल तिनाचा होतो आणि पाय हवेत उडवायचे असतात, तिथे आजोबा हसत बाहेर पडले आणि खुर्चीत बसून टाळ्या देऊ लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही, आणि “नाही हो, जमेल तुम्हाला” असंही कुणी म्हटलं नाही. आर्बोच्या क्रमात त्यांची सुटी मंजूर होतीच.

मग आला धोबिणींचा ब्रान्ल. सेन नदीच्या काठावर कपडे धोपटणाऱ्या बायकांचा आवाज यावा म्हणून यात टाळ्या आहेत, असं आर्बो सांगतो. आधी नेहमीचे डबल. मग बायका पुरुषांकडे वळून बोट नाचवत त्यांची खरडपट्टी काढतात, पुरुष कमरेवर हात ठेवून ऐकतात; मग पुरुषांची पाळी. नंतर धुणं धोपटल्यासारख्या टाळ्या. आमच्याकडे पुरुष होते नऊ-दहा. बाईंनी फेराभोवती एक-दोन, एक-दोन अशी मोजणी केली. एक नंबरवाले आधी बोलणार, दोन नंबरवाले ऐकून घेणार. बाई-पुरुषाचा प्रश्न तिथेच मिटला. संख्या विषम निघाली तेव्हा त्या स्वतः एक नंबर झाल्या.

याच नाचाला तो धिप्पाड गडी सापडला. सकाळच्या द्वंद्वात हरलेला, चिलखत उतरवलेलं पण आतला जाड गादीसारखा अंगरखा तसाच, घामाने निथळत, पाण्याच्या पिंपाशी उभा. डाव्या अंगठ्याला पट्टी. शेजारच्या मुलीने हात पुढे केला. त्याने अंगठा दाखवला. तिने मनगटाऐवजी कोपर धरलं आणि फेर पुढे निघाला. तो दोन नंबर. पहिल्या वेळी त्याला कळेना की ही पंधरा वर्षांची पोर आपल्यावर बोट का नाचवते आहे. दुसऱ्या वेळी कमरेवर हात ठेवून त्याने असं काही अपराधी तोंड केलं की अर्ध्या फेराचा ताल हसण्यात गेला. आणि जेव्हा त्याची पाळी आली तेव्हा साहेबांनी सकाळचा सगळा राग त्या बोटातून काढला. गाणं संपल्यावर पाणी न पिताच म्हणाला, “परत.”

परत लावलं. तिथे रेकॉर्ड केलेल्या संगीताची खोड उघडी पडली. ध्वनिफितीत आवर्तनं ठरलेली. लोकांना जेमतेम गोडी लागते तोच गाणं संपतं. आणि वेगही ठरलेला, बहुधा चांगल्या नाचणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून. बर्गंडीच्या ब्रान्लची माझ्याकडची आवृत्ती चांगलीच पळती होती. ती सुरू झाल्यावर तिसऱ्या आवर्तनाला फेर तुटला, दोन जण एकमेकांवर आदळले, आणि मागच्या वर्षी हॉलमध्ये जी शांतता असायची ती परत येते की काय असं वाटलं. तेवढ्यात दारापाशी बसलेल्या एका बाईंनी पिशवीतून लाकडी रेकॉर्डर, म्हणजे बासरीसारखं वाद्य, काढला आणि तीच चाल निम्म्या वेगाने वाजवायला घेतली. मी स्पीकर बंद केले आणि ढोलक्यावर साथ धरली. फेर सावरला, तसा त्यांनी वेग हळूहळू वाढवला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जिवंत वाजवणारा पायांकडे बघून वाजवतो. लॅपटॉपला डोळे नसतात. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे की चांगलं रेकॉर्डिंग आणि बेताचा वादक यांतून निवडायचं तर नवख्यांसाठी बेताचा वादक घ्यावा.

शेवटची दहा मिनिटं बाईंनी नवीन काही शिकवलं नाही. धोबिणी, डबल आणि घोड्यांचा ब्रान्ल, ज्यात पाय आपटून घोड्याने जमीन उकरल्याचा आव आणतात, एवढेच तीन परत घेतले. कुणीतरी हात वर करून विचारलं, हे सगळं खरंच मध्ययुगीन आहे का? बाई म्हणाल्या, “१५८९ चं छापील पुस्तक आहे. म्हणजे मध्ययुग संपून बरीच वर्षं झाली होती. आपल्या मर्यादेत मात्र बसतं.” आणि पुढचं गाणं. एवढ्या एका उत्तरात त्यांनी इतिहासाशी बेइमानी केली नाही आणि वर्गाचं व्याख्यानही होऊ दिलं नाही.

होल इन द वॉलचं भांडण

दुपारच्या वर्गानंतर आणि मेजवानीआधी, खुर्च्या मांडताना खरी वादावादी झाली. जुन्या जाणत्यांपैकी एक जण, व्यवसायाने इंजिनिअर आणि इटालियन नाचांचा खरोखर अभ्यासू, रात्रीची यादी वाचून तडकला. यादीत ‘होल इन द वॉल’ हा नाच होता.

त्याची बाजू कागदावर बिनतोड आहे. जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हे नाचांचं पुस्तक काढलं १६५१ साली, त्यात १०५ नाच. हेच मुळात मर्यादेबाहेरचं. पुढे त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि ‘होल इन द वॉल’ त्यांत आला १६९८ मध्ये. चाल हेन्री पर्सेल या इंग्लिश संगीतकाराची, ‘अब्देलाझर’ या नाटकासाठी १६९५ मध्ये रचलेल्या संगीतातली. म्हणजे एससीएच्या कालमर्यादेपेक्षा जवळजवळ शंभर वर्षं उशिराचा. तरी एससीएच्या मेळाव्यांत हा नाच इतका लाडका आहे की कित्येक लोकांना हाच एकमेव येतो. इंजिनिअर म्हणाला, “मग कोरोबुश्का तरी का नको?” यात टोमणा होता. कोरोबुश्काची चाल म्हणजे ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन गाणं. त्याचे शब्द नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतले, आणि जगाला ती चाल माहीत आहे ती टेट्रिस या व्हिडिओ गेममुळे. तोही नाच मेळाव्यांत धडाक्यात चालतो.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, “तुम्ही सहा जण मिळून आज ‘जेलोसिया’ करून दाखवाल का? मेजवानीनंतर, मधल्या वेळात?”

ही चाल मला नंतर नीट कळली. ‘जेलोसिया’, म्हणजे मत्सर, हा दोमेनिकोचा तीन जोड्यांचा नाच. पहिला पुरुष आपली जोडीदारीण सोडून दुसऱ्या जोडीतल्या बाईपाशी जाऊन तिच्या हाताला हात लावतो, तोवर दुसरा पुरुष त्याची रिकामी जागा पटकावतो. मग पहिला तिसरीकडे वळतो. सगळं गोड हसत, अदबीने, आणि मधून मधून साल्तारेल्लोच्या उडत्या पावलांत. तासाभराच्या वर्गात तीस नवख्यांना हा शिकवायला घेणं म्हणजे सगळ्यांनाच रडवणं. पण सहा जाणत्यांनी करून दाखवला तर बाकीच्यांना दम खायला, पाणी प्यायला वेळ मिळतो, आणि ज्यांनी कित्येक वर्षं घासून हे कमावलं त्यांना मानाची जागा मिळते. तक्रार करणाऱ्याच्या हाती काम दिलं की तक्रारीची धार जाते, ही शाळेतली जुनी युक्ती असणार.

‘होल इन द वॉल’ यादीत राहिला, शेवटून दुसरा. कोरोबुश्का आला नाही. पोरांनी नंतर पार्किंगमध्ये फोनवर लावून तो केलाच. इंजिनिअरची तारखांची बाजू बरोबर आहे, असं मलाही वाटतं. पण त्या नाचाच्या लोकप्रियतेचं कारण तारखेत नाही, रचनेत आहे. दोन लांब ओळी समोरासमोर, चाल संथ, कोपऱ्यातले दोघे एकमेकांकडे बघत जागा बदलतात, आणि जोडी एकेक घर सरकत ओळीतल्या प्रत्येकाला भेटते. रात्रीच्या शेवटी, दमल्यावर, हे बरं वाटतं. त्याला पर्याय द्यायचा असेल तर तेच काम करणारा १६०० च्या आतला नाच शोधून लोकांच्या अंगवळणी पाडावा लागेल. इंग्लंडच्या वकिली शिक्षणसंस्थांत, म्हणजे इन्स ऑफ कोर्टमध्ये नाचले जाणारे ‘ब्लॅक आल्मेन’सारखे जुने नाच त्याला जवळचे आहेत. मी ते इंजिनिअरला सुचवलं. त्यांतही दोनचार नाचांखेरीज बाकीचे जोड्यांनी नुसतं फिरण्याचे, असं म्हणून त्याने ते उडवून लावलं.

रात्री

मेजवानी लांबली, ती लांबतेच. नाचाला उघडलं पाव्हानने. हा मुळात मिरवणुकीचा नाच: दोघेदोघे, सिंगल-सिंगल-डबल, अंगावर जड झगे असले तरी चालतं, राजेरजवाड्यांनी आपले झगे मिरवावेत म्हणूनच तो आहे असं आर्बो म्हणतो. तिथला बॅरन आणि बॅरनेस, म्हणजे स्थानिक शाखेचे मानकरी, पुढे, मागे ज्याला यायचं त्याने यायचं. आर्बोने छापलेल्या पाव्हानच्या सुरावटीखाली ढोलाचा ठेका दिलेला आहे, एक लांब, दोन आखूड, आणि तोच मी वाजवत होतो. यात चुकायला काही नाहीच. पेंगणारे लढवय्येसुद्धा चालत चालत आले, कारण नुसतं चालायचंच होतं. आणि एकदा का माणूस मधल्या जमिनीवर आला की त्याला लगेच परत बसवत नाही, हे बाईंचं सूत्र: पाव्हान संपताच मध्ये घोषणा न करता डबल ब्रान्ल सुरू. दुपारचे तीस जण हॉलभर विखुरलेले होते आणि प्रत्येक जण शेजारच्याला ओढत होता. वर्गाचा खरा उपयोग तिथे झाला. दुपारी नाच शिकलेल्यांनी रात्री बाकीच्यांना शिकवलं, तोंडाने नाही, हाताने. धोबिणींच्या वेळी दोन फेर करावे लागले, एकात एक. खांब मध्ये आले म्हणून आतला फेर अंड्यासारखा लांबट झाला.

दोन ठिकाणी बाईंनी आर्बोला बाजूला ठेवलं. एक म्हणजे गाव्होत. त्यात नाचता नाचता मधल्या जोडीने सगळ्यांचे मुके घ्यायचे असतात. हा नाच त्यांनी यादीत घेतलाच नाही. दुसरं, आर्बो म्हणतो की चांगल्या वळणाची मुलगी नाचाचं आमंत्रण नाकारत नाही, आणि नाचायचं नसेल तर नाचणाऱ्यांत बसूच नये. बाईंनी पाव्हानआधीच उलट जाहीर केलं: कुणीही कुणालाही विचारू शकतं, कुणीही नाही म्हणू शकतं, कारण सांगायची गरज नाही, आणि नाही ऐकलं की हसून पुढे जायचं. गंमत अशी की या वाक्यानंतर बसलेल्यांपैकी जास्त जण उठले. आपल्याला जबरदस्तीने ओढणार नाहीत हे कळलं की माणूस स्वतःहून उठतो. दुपारी ओढलं होतं ते वर्गात, फेरात, सगळ्यांबरोबर. रात्रीच्या जोडीच्या नाचाचा मामला वेगळा.

सगळंच जमलं असं नाही. ‘जेलोसिया’ सुंदर झाला, पण अर्ध्या हॉलने तो बघितला आणि अर्ध्याने गोडाधोडाच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. धोबिणींच्या शेवटी गिरकी घ्यायची की नुसती उडी मारायची यावर ओहायोहून आलेल्या चौघांचं आणि आमचं जुळेना. ते वेगळ्या गुरूंकडे शिकलेले. “आज इथे उडी,” म्हणून बाईंनी निकाल दिला आणि ते चौघे हट्टाने गिरक्या घेत राहिले. त्यांच्या शेजारचे गोंधळले. गुळगुळीत काँक्रीटवर चामड्याच्या तळव्यांचे हाताने शिवलेले बूट घसरतात, त्यात एक जण बसलाच. लागलं नाही. पुढच्या वेळी तळव्यांना राळ लावा असं कुणीतरी सांगितलं, कुणी म्हणालं अनवाणी नाचा, आणि त्यावरही इतिहासाचा एक उपवाद निघाला.

पण आयोजकांनी मागितलं होतं ते झालं. सर्वांत भरलेल्या क्षणी निम्म्याहून जास्त हॉल पायांवर होता. आणि मागच्या वर्षीचे आठ-दहा जाणते त्या गर्दीत वेगळे ओळखू येत नव्हते. त्यांच्यापैकी दोघींनी हे फारसं रुचलं नसल्याचं मला सांगितलं. नाच सोपे झाले, त्यात आव्हान उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. जी माणसं वर्षानुवर्षं दर आठवड्याला सराव करतात त्यांना वर्षातून एकदा तरी त्यांच्या तोडीचं काही मिळालं पाहिजे, आणि एक प्रात्यक्षिक म्हणजे ते नव्हे.

पुढच्या मेळाव्याची आखणी ठरताना तीन बदल झाले. दुपारचा वर्ग तीन वाजता न घेता मेजवानीच्या अगदी आधी, म्हणजे शिकलेलं विसरायला वेळ मिळायचा नाही. रेकॉर्डरवाल्या बाईंना आधीच विचारून ठेवलं आहे आणि त्या आणखी एक वादक घेऊन येणार आहेत. मी फक्त ढोलक्यावर. आणि नाच संपल्यावर, हॉल रिकामा करायच्या आधीचा अर्धा तास जाणत्यांना दिला आहे, त्यात ते काय हवं ते नाचोत. इंजिनिअरने त्या अर्ध्या तासासाठी पाच नाचांची यादी पाठवली आहे, प्रत्येकापुढे पोथीचं नाव आणि पान क्रमांक. अंगठ्याला पट्टी बांधलेल्या त्या गड्याचा निरोपही बाईंकडे आला होता. पेन्सिकला त्याच्या तंबूवस्तीत धोबिणी शिकवायला याल का, म्हणून त्याने विचारलं आहे. माणसं चाळीसेक असतील म्हणतो, बहुतेक चिलखतवाले.